डोक्यावरचा कुकर: उन्हाळा, हेल्मेट आणि शंभर वर्षांचं भांडण

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. आणि तुम्ही हे गाडीवर बसून, हेल्मेटच्या आत इयरफोन कोंबून ऐकत असाल, तर प्लीज, आधी घरी पोचा. मी कुठे पळून जात नाहीये.

आजचा विषय हेल्मेट. हो, मला माहितीये, बोअरिंग वाटतंय. पण या वस्तूचा इतिहास म्हणजे एक जुनं भांडण आहे. एका बाजूला डॉक्टर आणि इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला घामाने डबडबलेला माणूस. आणि मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, या भांडणात मी आधी चुकीच्या बाजूला होतो.

माझे बाबा अकोल्याला असतात. विम्याचं काम करतात, दिवसभर मोटारसायकलवर गावं पालथी घालतात. अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. पारा ४४-४५ वर, डांबर मऊ पडलेलं, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिल्या बोनसमधून मी बाबांसाठी हेल्मेट ऑर्डर केलं. काळंकुळकुळीत, फुल फेस, चांगलं महागाचं. साइज? अंदाजाने. रिव्ह्यू वाचले, स्टार मोजले, पत्ता टाकला, झालं. मुलगा म्हणून कर्तव्य पूर्ण.

बाबांनी ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "अरे, हे काय पाठवलंस? कुकर आहे तो कुकर. डोस्कं शिजते त्यात."

मी हसलो. म्हटलं, बाबा, कारणं नका देऊ. मग हेल्मेट आरशाला लटकायला लागलं आणि बाबांच्या डोक्याला पुन्हा दुपट्टा आला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, गावाबाहेरच्या रस्त्यावर वाळूवरून चाक घसरलं. वेग तिशीच्या आसपास. हाताला फ्रॅक्चर आणि डोक्याला मार. हेल्मेट आरशाला होतं, त्याला ओरखडासुद्धा नाही. बाबा वाचले, आज ठणठणीत आहेत, काम करतात. पण त्यांचा वास गेला. म्हणजे वासाची संवेदनाच गेली. नाकातून मेंदूकडे जाणारे मज्जातंतूंचे बारीक धागे चाळणीसारख्या एका पातळ हाडातून वर जातात. मेंदूला हिसका बसला की ते धागे तुटू शकतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. त्या वर्षी आमच्याकडे आंब्याची पेटी आली, आईने ती उघडली, आणि बाबा पेटीकडे नुसते बघत राहिले.

तेव्हापासून मी हेल्मेटबद्दल वाचतोय. आणि मला कळत गेलं की बाबांचं "डोस्कं शिजते" हे वाक्य मी कारण म्हणून ऐकलं, ते खरं तर बग रिपोर्ट होतं.

कॅनव्हास, लाख आणि एक हट्टी डॉक्टर

चला, मागे जाऊ. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा रेसिंग ट्रॅक होता. तिथले वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर मोटारसायकलवाल्यांची फुटलेली डोकी बघून वैतागले होते. त्यांनी कॅनव्हासचे थर लाखेने कडक करून एक टोपी बनवून घेतली. १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीत ही टोपी सक्तीची झाली. रेसर कुरकुरले, पण घातली.

पण ते रेसर होते. तुमच्या-माझ्यासारखा साधा माणूस, दूध आणायला जाणारा, त्याच्या डोक्यावर काही आलं नाही. त्यासाठी एका फार प्रसिद्ध माणसाला मरावं लागलं.

टी. ई. लॉरेन्स. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे नाव ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात, उन्हापासून वाचायला डोक्याला कापड गुंडाळून उंटावरून लढलेला ब्रिटिश अधिकारी. त्याला मोटारसायकलचं प्रचंड वेड, गाडी ब्रफ सुपीरियर. १३ मे १९३५ ला इंग्लंडमधल्या डॉर्सेट भागात, घराजवळच्याच रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो गाडीवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे ला गेला. वय ४६.

त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू कॅर्न्स नावाचे एक न्यूरोसर्जन होते, मूळचे ऑस्ट्रेलियाचे. कॅर्न्सना लॉरेन्सला वाचवता आलं नाही. पण दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर, ब्लॅकआउटच्या अंधारात निरोप पोचवणारे लष्करी मोटारसायकलस्वार पटापट मरायला लागले, तेव्हा ते आकडे मांडायला बसले. १९४१ साली त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला: युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले, आणि मृत्यूचं मुख्य कारण डोक्याची दुखापत. हेल्मेट घालून पडलेल्यांच्या त्यांच्या पाहण्यात फक्त सात केसेस होत्या. सातही जण जिवंत.

मी रोज डेटा बघणारा माणूस आहे. सात हा सॅम्पल साइज आमच्या टीममध्ये कुणी दाखवला तर त्याला चहा प्यायला पाठवतील. पण लष्कराने कॅर्न्सचं ऐकलं. नोव्हेंबर १९४१ पासून ड्युटीवरच्या लष्करी स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. १९४६ मध्ये कॅर्न्सनी पुन्हा आकडे मांडले, आणि मृत्यूंचा आलेख त्या नोव्हेंबरनंतर खाली उतरलेला दिसत होता. सामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये कायदा यायला १९७३ उजाडलं. पहिल्या निबंधानंतर तब्बल ३२ वर्षं.

जो थर वाचवतो, तोच उकडवतो

आता जरा इंजिनिअरिंग. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सपुरतंच.

त्या जुन्या हेल्मेटमध्ये बाहेर कडक कवच आणि आत पट्ट्यांची झोळी असायची. डोकं झोळीत, आजूबाजूला हवा. म्हणजे हवा खेळायची, पण जोरदार धक्क्यात झोळी फार काही करू शकत नव्हती.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियामध्ये लोम्बार्ड आणि रॉथ या दोघांनी १९४७ मध्ये एका वेगळ्या हेल्मेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते त्यांना १९५३ मध्ये मिळालं. कल्पना अशी: कवचाच्या आत असा थर द्यायचा जो दाबला की चेंगरतो आणि पुन्हा फुगत नाही. स्प्रिंगसारखा उसळणारा नको, चिरडून जाणारा हवा. डोक्याऐवजी त्याने मरायचं.

हिशोब करून बघू. साधारण १.८ मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर आपटलं तर आपटतानाचा वेग ताशी २१ किलोमीटरच्या आसपास येतो. गाडी उभी असली तरीही, कारण ही नुसती उंचीची करामत आहे. डोकं ३ मिलिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६०० पट. तेच २५ मिलिमीटर फोम चेंगरत थांबलं, तर ७०-७५ पट. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे एक अख्खा माणूस.

पुढे हा फोम म्हणून जी वस्तू सगळीकडे रुळली ती तुमच्या घरात आहे: थर्माकोल. गणपतीच्या मखराचं असतं ना, त्याचाच जास्त घट्ट भाऊ. १९५० च्या दशकात बेल कंपनीने असली हेल्मेट बाजारात आणली. १९५६ मध्ये पीट स्नेल नावाचा रेसर हेल्मेट असूनही गेला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने हेल्मेट तपासणारी संस्था उभी राहिली. साठच्या दशकाच्या अखेरीस हनुवटी झाकणारं फुल फेस आलं.

पण गंमत बघा. थर्माकोलच्या पेटीतून आणखी काय पाठवतात? मासळी. बर्फासकट. का? कारण त्यातून उष्णता जात नाही! म्हणजे जी वस्तू डोकं वाचवायला सगळ्यात भारी, तीच डोक्याची उष्णता आत अडवायलाही सगळ्यात भारी. बाबा खोटं बोलत नव्हते. अकोल्याच्या दुपारी, काळ्या कवचात, मी त्यांचं डोकं मासळीच्या पेटीत घातलं होतं. तेही बर्फाशिवाय.

"मी हळू चालवतो" आणि "फार गैरसोयीचं आहे"

१९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. त्यांच्या टीमने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली होती. हेल्मेटने ऐकू येत नाही, दिसत नाही, मान मोडते, थकवा येतो, हे सगळे आक्षेप त्यांनी तपासले. एकही टिकला नाही. उलट हेल्मेट घातलेल्यांच्या मानेला दुखापती कमी होत्या. गाड्यांचा धडकेच्या वेळचा मध्यम वेग निघाला ताशी ३५ किलोमीटरच्या जवळपास. म्हणजे "मी तर तिशीनेच जातो" हे वाक्य कॅलिफोर्नियातही चाललं नाही.

पण मला त्या अहवालात अडकवून ठेवलं दुसऱ्याच आकड्यांनी. हेल्मेट न घातलेल्यांना विचारलं, का नाही घातलं? ५३ टक्के म्हणाले, अपघात होईल असं वाटलंच नाही. आणि २६ टक्के म्हणाले, त्रासाचं आणि गैरसोयीचं वाटतं.

आपण सगळा जोर त्या ५३ टक्क्यांवर लावतो. भीती दाखवा, दंड लावा, रस्त्यावर यमराज उभा करा. पण उरलेल्या २६ टक्क्यांना भाषण देऊन काय होणार? त्यांना वेगळं हेल्मेट पाहिजे.

हनोईचा 'राइस कुकर'

हे ज्यांनी मनावर घेतलं, ते व्हिएतनाममध्ये. तिथल्या वाहनांत ९० टक्क्यांहून जास्त दुचाकी. हवा दमट, उन्हाळ्यात जीव नकोसा करणारी. आणि लोक जुन्या जाड हेल्मेटला काय म्हणायचे माहितीये? राइस कुकर! भात शिजवायचा कुकर. मी हे वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद करून बाबांना फोन लावला. म्हटलं, तुमचा शब्द हनोईपर्यंत पोचलाय. बाबा म्हणाले, "मंग! शिजते तर शिजते, त्याले भाषा काय करन?"

१९९९ मध्ये तिथे ग्रेग क्राफ्ट नावाच्या अमेरिकी माणसाने एआयपी फाउंडेशन ही संस्था सुरू केली. नुसत्या जाहिराती करून भागणार नाही हे कळल्यावर तिने हनोईत हेल्मेटचा कारखानाच काढला, ना-नफा तत्त्वावर. तिथे बनलं 'ट्रॉपिकल हेल्मेट': हलकं, कान मोकळे ठेवणारं, हवेला भोकं असलेलं आणि तरी तिथल्या सरकारी चाचणीत पास होणारं. मग १५ डिसेंबर २००७ ला सरकारने सगळ्या रस्त्यांवर, सगळ्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. अक्षरशः एका दिवसात रस्त्यांचं रूप पालटलं आणि हेल्मेट घालण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. कायदा कडक होता, हे खरंच. पण कायदा आला तेव्हा घालण्याजोगी वस्तू दुकानात तयार होती.

याला एक काळी बाजूही आहे. लगेच बाजारात हेल्मेटसारख्या दिसणाऱ्या नुसत्या प्लास्टिकच्या टोप्या आल्या. आत फोम नाहीच. हवेशीर, हलक्या, स्वस्त आणि निरुपयोगी. आपल्याकडे फुटपाथवर मिळतात ना, पोलिसाला दाखवायच्या 'वाट्या', तसंच. आरामाचा सौदा कुठपर्यंत करायचा, याची रेघ तिथे दिसते. भोकं पाडा, वजन उतरवा, कापड बदला. पण चिरडणारा थर काढला की ती फक्त टोपी.

आणि आपल्याकडे

पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये हेल्मेटसक्तीविरोधात पगड्या-टोप्या घालून मोर्चा निघाला, तेव्हा मी ऑफिसात बसून मीम फॉरवर्ड करत होतो. आज मला त्या मोर्चाचं म्हणणं पटतं असं नाही. पण नुसतं हसून काही होत नाही, हे पटलंय. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं. हे केंद्र सरकारच्या अहवालातले आकडे आहेत.

हे फार लोकांना माहीत नसतं, पण उकाड्याची तक्रार आपल्याकडे अगदी वरपर्यंत पोचली आहे. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीच्या सांगण्यावरून, भारतातल्या हवामानाला साजेशा हलक्या हेल्मेटचा विचार करायला एक समिती नेमली गेली. त्यात एम्सचे डॉक्टर होते, बीआयएसचे तज्ज्ञ होते. मार्च २०१८ मध्ये समितीने शिफारस केली: हेल्मेट हलकी करा. त्याप्रमाणे बीआयएसने मानक बदललं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आदेश निघाला की आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायचं नाही, विकायचं नाही. तो जून २०२१ पासून लागू झाला. बाबांचा बग रिपोर्ट दिल्लीत आधीच उघडला गेला होता. मीच तो 'क्लोज' करून ठेवला होता.

दुकानात, बाबांसोबत

मग गेल्या दिवाळीत मी बाबांना घेऊन दुकानात गेलो. ऑनलाइन नाही. आईची शिवणाची टेप खिशात.

आधी माप. भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून टेप फिरवली. बाबांची साइज मी अंदाजाने मागवलेल्यापेक्षा एक नंबर मोठी निघाली. म्हणजे कुकर तर होताच, वर शिकंजाही होता. हेल्मेट घातल्यावर गाल हलके दाबले जायला हवेत, कपाळावर एकाच जागी टोचता कामा नये. डोकं जोरात हलवलं तर हेल्मेटने डोक्यासोबत फिरायला हवं. दहा मिनिटं घालून दुकानात बसा. दुकानदार बघेल वाकड्या नजरेने, बघू दे.

मग रंग. पांढरा. उन्हात काळा आणि पांढरा शर्ट घालून बघितलाय ना, तोच हिशोब.

मग हवा. पुढून आत यायला भोकं आणि मागून बाहेर जायला भोकं, दोन्ही पाहिजेत. आणि आतल्या फोममध्ये त्यांना जोडणाऱ्या चऱ्या. नुसती बाहेरून भोकं असतील तर ती शोभेची. आतलं अस्तर काढून बोट फिरवून बघा. आणि हेही लक्षात ठेवा की ही सगळी करामत गाडी चालू असताना. सिग्नलला उभं राहिल्यावर कुठलंच हेल्मेट गार नसतं, तिथे काच वर करायची.

अस्तर निघणारं आणि धुता येणारं. शक्य असेल तर दोन संच. खाली दुपट्ट्याची गाठ नको, तिने हेल्मेट ढिलं बसतं. पातळ सुती टोपी पुरते. आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ हा नंबर तर हवाच. आणि हनुवटीचा पट्टा लावलेला, दोन बोटं जातील इतपतच सैल. उघड्या पट्ट्याचं हेल्मेट डोक्याआधी उडून जातं.

शेवटी खरं भांडण. मला फुल फेस हवं होतं. जर्मनीतल्या एका प्रसिद्ध पाहणीत हेल्मेटवरचे सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर आढळले होते. ते मी बाबांना दुकानात उभं राहून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढून उघडं, लांब काचेचं हेल्मेट उचललं. म्हणाले, "तुझं ते चांगलं आहे रे. पण हे मी घालीन."

मी एक मिनिट गप्प उभा होतो. कागदावर बाबा चुकीचे होते. पण कागदावरचं हेल्मेट आमच्याकडे आधीच एक होतं, आरशाला लटकवलेलं, ओरखडा नसलेलं. मी कार्ड काढलं. तुम्हाला फुल फेस सहन होत असेल, तर तेच घ्या, हनुवटी वाचेल. सहन होत नसेल, तर निदान फोम असलेलं उघडं हेल्मेट घ्या आणि रोज घाला. हेल्मेट आरशाला टांगलेलं असेल, तर दोन्हींत काही फरक नाही.

या मे महिन्यात मी घरी गेलो होतो. बाबा दुपारी दोनला आले, पांढरं हेल्मेट डोक्यावर, पट्टा लावलेला, चेहरा घामाने निथळलेला. हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, ते अस्तर धुवा आधी, किती घाण वास येऊन राहिला!"

बाबांनी हेल्मेट उचललं, नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे बघून हसले. "मले तं काही येत नाही बाप्पा."

मी पण हसलो. मग अस्तर काढून बादलीत भिजवायला गेलो.

तर मंडळी, आज एक काम करा. तुमच्या घरात ज्याचं हेल्मेट आरशाला लटकतंय, त्याला ओरडू नका. टेप घ्या, डोकं मोजा, आणि विचारा की नेमकं कुठे उकडतं, कुठे टोचतं. उत्तर नीट ऐकून घ्या. भेटू पुढच्या भागात.